तीन महिने वजा एक दिवस

(इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका हॉलमधे रविवारी दुपारी मराठी मंडळींसमोर झालेलं बोलणं, थोडंफार संपादन करून.)

नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. मुलं खेळतायत त्यांना खेळू दे, मला काही अडचण नाही.

आधीच सांगते, मी वकील नाहीये. ग्रुपवरच्या मेसेजमधे कुणीतरी लीगल एक्स्पर्ट लिहिलंय, ते तेवढं काढून टाका. मी अकाउंट्समधे काम करते, आणि शनिवारी सकाळी एका फुकट सल्ला केंद्रावर व्हॉलंटियर म्हणून बसते. तिथे बसायला लागले कारण २०१६ मधे माझा स्वतःचा दोन महिन्यांचा पगार अडकला होता आणि पाठोपाठ नोकरी पण गेली. त्या वेळी मला काय माहीत नव्हतं ते आज तुम्हाला सांगायचंय, बाकी कायदा इंटरनेटवर भरपूर आहे.

आपल्या घरात एक वाक्य सगळ्यांनी ऐकलंय, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. माझे वडील नाशिकला जमिनीच्या केससाठी वर्षानुवर्षं खेपा घालायचे, तारीख पे तारीख, वकिलाची फी, आणि घरी आले की हेच वाक्य. त्यामुळे इथे आल्यावर पण कोर्ट म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. पण एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनल, म्हणजे नोकरीचे वाद जिथे ऐकतात ती जागा, हे आपल्या डोळ्यासमोरचं ते कोर्ट नाही. वकील लागतोच असं नाही, फॉर्म ऑनलाइन भरता येतो, आज त्याला एक पेनीसुद्धा फी नाही, आणि केस हरलात तरी समोरच्याच्या वकिलाचा खर्च सहसा तुमच्या डोक्यावर येत नाही. कुणी नुसता त्रास द्यायला केस केली किंवा धडधडीत खोटं बोललं तर येऊ शकतो, पण प्रामाणिक माणसाला नाही. मालकाचे वकील तशी धमकीची पत्रं पाठवतात, वीस हजाराचा खर्च तुमच्यावर टाकू वगैरे, आणि आपली माणसं ते पत्र वाचून केस मागे घेतात. असं पत्र आलं तर मागे घ्यायच्या आधी कुणाला तरी दाखवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

माझी गोष्ट सांगते म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. एका छोट्या कंपनीत मी तीन वर्षं अकाउंट्स बघत होते. मालक आपल्यापैकीच, घरी गणपतीला बोलवायचे, माझ्या मुलाला वाढदिवसाला पाकीट द्यायचे. ऑगस्टचा पगार आला नाही, म्हणाले क्लायंटचं पेमेंट अडकलंय, सप्टेंबरचा पण आला नाही. अकाउंट्स मीच बघत असल्यामुळे कुणाचं काय अडकलंय ते मला दिसत होतं, आणि बाकीच्यांना पैसे जात होते हे पण दिसत होतं. मी विचारलं. १४ ऑक्टोबरला फोन आला, उद्यापासून येऊ नकोस. पैशाचं विचारलं तर म्हणाले दिवाळी होऊ दे बेटा, मग बघू. दिवाळी ३० ऑक्टोबरला झाली, मग म्हणाले वर्ष संपू दे, ख्रिसमसनंतर हिशोब करू. आणि मी थांबले! का थांबले, तर त्यांचं मीठ खाल्लंय, वाईटपणा कशाला घ्यायचा, चार लोकांत काय म्हणतील. सासूबाई पण म्हणाल्या, देतील गं, देवमाणूस आहे.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी लायब्ररीत नोकरीचे अर्ज प्रिंट करत होते, तिथल्या काउंटरवरच्या बाईंनी सहज विचारलं काय झालं, मी सांगितलं, आणि त्यांनी एकच प्रश्न केला, तुला काढून किती दिवस झाले? मला वाटलं सहानुभूतीनं विचारतायत. त्या कॅलेंडर काढून मोजायला लागल्या.

तर ते मोजणं आज सगळ्यांनी शिकून जायचं. काढून टाकल्याची केस करायची मुदत तीन महिने वजा एक दिवस. म्हणजे १० मार्चला काढलं तर शेवटचा दिवस ९ जून, १० जूनला गेलात तर उशीर झाला. पगाराच्या केसमधे ज्या तारखेला पगार मिळायला हवा होता त्या तारखेपासून मोजायचं, आणि एकामागून एक असे महिने अडकले असतील तर मालिकेतल्या शेवटच्या तारखेपासून. माझा सप्टेंबरचा पगार ३० सप्टेंबरला यायला हवा होता, म्हणजे माझ्याकडे २९ डिसेंबरपर्यंत वेळ होता. ख्रिसमसनंतर बघू याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला. त्यांच्या मनात तसंच होतं की नाही ते मी सांगू शकत नाही, पण वाट बघत बसले असते तर परिणाम तोच झाला असता.

ही मुदत सहा महिने करायची असं डिसेंबर २०२५ मधे मंजूर झालेल्या नवीन एम्प्लॉयमेंट राइट्स कायद्यात आलंय, पण ते अजून लागू व्हायचंय. आज मी बोलतेय तेव्हा तीनच महिने, आणि तुम्ही तीनच धरून चाला, लवकर गेलात तर काही नुकसान होत नाही.

आता यात लोक कुठे फसतात ते सांगते, कारण केंद्रावर येणाऱ्यांपैकी ज्यांना आम्ही परत पाठवतो त्यांची केस बहुतेक वेळा चांगली असते, फक्त तारीख गेलेली असते. कंपनीत अपील केलं असेल तर त्या अपीलचा निकाल येईपर्यंत घड्याळ थांबत नाही. एचआर म्हणतं तुमच्या अपीलवर विचार चालू आहे, आणि माणूस थांबतो. आजारपण, इंडियाला जाऊन येणं, मालकाशी गोड बोलणी चालू असणं, कशानंही घड्याळ थांबत नाही. ते थांबतं फक्त एकाच गोष्टीनं, तुम्ही एकॅसला कळवलंत की. एकॅस ही सरकारी मदतीवर चालणारी स्वतंत्र संस्था आहे, मधे पडून समेट घडवणारी. मे २०१४ पासून ट्रायब्युनलला जायच्या आधी एकॅसला कळवणं सक्तीचं आहे, त्याला अर्ली कन्सिलिएशन म्हणतात. ऑनलाइन छोटा फॉर्म आहे, पंधरा मिनिटांचं काम, फुकट. तुम्ही कळवलं की घड्याळ थांबतं, एकॅसचा माणूस मालकाला फोन करतो. पूर्वी याला सहा आठवडे मिळायचे, १ डिसेंबर २०२५ पासून बारा आठवडे झालेत. जमलं तर जमलं, नाही जमलं तर सर्टिफिकेट देतात, त्यावर एक नंबर असतो, तो नंबर ट्रायब्युनलच्या फॉर्मवर टाकायचा. त्या फॉर्मला ईटी वन म्हणतात.

आणि नाव. हे बारीक वाटतं पण यावर केसेस अडकतात. पाटीवर एक नाव असतं, तुम्ही ज्यांना बॉस म्हणता त्यांचं दुसरं, आणि तुम्हाला नोकरीवर ठेवणारी लिमिटेड कंपनी तिसरीच असते. पे-स्लिप काढा, काँट्रॅक्ट काढा, त्यावरचं नाव कंपनीज हाउसच्या, म्हणजे कंपन्यांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या ऑफिसच्या, साइटवर टाकून बघा, आणि तेच नाव एकॅसच्या फॉर्मवर आणि ईटी वनवर जसंच्या तसं लिहा. दोन्हीकडे नाव किंवा नंबर जुळला नाही तर फॉर्म परत येऊ शकतो, तोपर्यंत तुमची तारीख निघून गेलेली असते.

मी १२ डिसेंबरला एकॅसला कळवलं. मालक एकॅसच्या माणसाला म्हणाले अर्धे देतो. घरात सगळे म्हणाले घे. मी नाही घेतले, कारण केलेल्या कामाचे अर्धे पैसे कसे असतात? कुणाला परिस्थितीमुळे घ्यावे लागले तर त्यात काही कमीपणा नाही, फक्त एकॅसच्या मार्फत ठरलं तर ते सीओटी थ्री फॉर्मवर लिहून होतं आणि त्यानंतर सहसा मागे फिरता येत नाही, तेव्हा त्यात सुट्ट्यांचे पैसे, नोटीसचे पैसे, रेफरन्सचा मजकूर सगळं आलंय ना ते आधी बघा.

जानेवारीत सर्टिफिकेट आलं आणि मग फीचा प्रश्न आला. तेव्हा फी होती, जुलै २०१३ पासून सुरू केलेली. पगाराच्या केसला १६० पाऊंड भरायचे आणि सुनावणीला २३०. काढून टाकल्याची केस करायची तर २५० आणि सुनावणीला ९५०, म्हणजे बाराशे पाऊंड! दोन महिने पगार नाही, नोकरी नाही, बाराशे कुठून आणायचे? फी माफीची सोय होती पण त्यात नवऱ्याची सेव्हिंग्ज पण धरायचे, त्यामुळे आम्ही बसलो नाही. म्हणून मी फक्त पगाराची केस केली, काढून टाकल्याची सोडून दिली. तीन वर्षं काम केलेल्या बाईला एका फोनवर काढलं, कारण नाही, मीटिंग नाही, नोटीस नाही, आणि त्याबद्दल मला कुणासमोर एक शब्द बोलता आला नाही. हे मला आजही लागतं.

मग २६ जुलै २०१७ ला इथल्या सुप्रीम कोर्टानं ती फीच बेकायदा ठरवली. युनिसन नावाच्या युनियननं सरकारविरुद्ध केस लढवली होती. फी आल्यापासून केसेस जवळजवळ दोन तृतीयांशांनी कमी झाल्या होत्या, आणि कोर्टानं म्हटलं की लोकांना न्यायापर्यंत पोचताच येणार नसेल तर हक्क कागदावर असून उपयोग काय. मी तो निकाल पूर्ण वाचला, इंग्रजी जड नाही, सावकाश वाचला तर कळतो. नंतर भरलेली फी व्याजासकट परत मिळाली, माझे ३९० पाऊंड आले. पण ज्यांनी फी बघून केसच केली नाही त्यांना काय परत मिळणार होतं? म्हणून आज फुकट आहे याची किंमत ओळखा.

सुनावणीचं सांगते, कारण सगळ्यात जास्त भीती त्याची असते. छोटी खोली, टेबलं, समोर एक जज, विग नाही, काळा कोट नाही. पगाराच्या केसला एकच जज असतात. खरं बोलण्याची शपथ घेतात, गीतेवर घेता येते, नको असेल तर नुसतं वचन देता येतं. हल्ली बरंच काम व्हिडिओवर पण होतं. माझ्या केसला एक तास दिला होता. मालकांनी सांगितलं की पगार कॅशमधे दिला, तिनं मागितला म्हणून कॅश दिली. मी गारच झाले, कारण कॅश दिली नाही हे सिद्ध कसं करायचं? जजनी माझ्या पे-स्लिपा हातात घेतल्या, शांतपणे वाचल्या, आणि मालकांना विचारलं, इथे खाली पेमेंट मेथड म्हणून बॅक्स लिहिलंय, बॅक्स म्हणजे बँक ट्रान्सफर ना? मग कॅश कशी? त्या कोपऱ्यातल्या चार अक्षरांकडे मी अकाउंट्सची असून कधी लक्ष दिलं नव्हतं. माझं बँक स्टेटमेंट बंडलमधे होतंच, त्यात ऑगस्ट-सप्टेंबरला काही जमा नाही. दहा मिनिटांत विषय संपला.

बंडल म्हणजे दोन्ही बाजूंच्या कागदांची पानं नंबर घालून लावलेली फाइल. म्हणून नोकरी चालू असतानाच काय करायचं ते ऐका. पे-स्लिपा ऑफिसच्या ईमेलवर येत असतील तर स्वतःकडे उतरवून ठेवा, कारण काढलं की लॉगिन त्याच दिवशी बंद होतं. रोटाचे, म्हणजे कुणाची पाळी कधी त्या तक्त्याचे, फोटो काढून ठेवा. व्हॉट्सॲपवर मॅनेजर काय म्हणाला त्याचे स्क्रीनशॉट ठेवा, तारीख दिसेल असे. कंपनीचे गोपनीय कागद, गिऱ्हाइकांची यादी वगैरे मात्र घरी नेऊ नका, ते उलटतं. तुमच्याबद्दल कंपनीकडे काय लिहिलेलं आहे ते मागायचा हक्क तुम्हाला डेटा प्रोटेक्शनखाली आहे, एक ईमेल करायचा, साधारण एक महिन्यात द्यावं लागतं.

आता काढून टाकण्याबद्दल. इथे आपल्या लोकांची अपेक्षा आणि कायदा यात अंतर आहे ते स्पष्ट सांगते. सध्या साध्या अनफेअर डिसमिसलच्या, म्हणजे अन्यायानं काढून टाकल्याच्या, केससाठी त्या मालकाकडे दोन वर्षं नोकरी झालेली लागते, १ जानेवारी २०२७ पासून ते सहा महिन्यांवर येतंय. गरोदर म्हणून काढलं, वर्णावरून, धर्मावरून काढलं, गैरप्रकार उघड केला म्हणून काढलं, तर पहिल्या दिवसापासून केस करता येते. पगाराला पण कसलीच अट नाही, एक आठवडा काम केलं असेल तरी तो तुमचाच. दुसरं, जज असं बघत नाहीत की मी मालक असतो तर काढलं असतं का, ते बघतात की एखादा समंजस मालक असं करू शकला असता का, आणि नीट चौकशी करून, तुमचं ऐकून घेऊन, अपीलची संधी देऊन केलं का. तिसरं, लोक माझ्यासमोर बसून रडतात, ताई माझा अपमान केला सगळ्यांसमोर, त्याचं काय? अनफेअर डिसमिसलमधे अपमानाचे पैसे मिळत नाहीत, बुडालेल्या पगाराचे मिळतात. मनस्तापाची भरपाई भेदभावाच्या केसमधे असते. आणि तुम्ही दुसरी नोकरी शोधायचा प्रयत्न केला का हे विचारतात, तेव्हा प्रत्येक अर्जाची नोंद ठेवा.

इथे मला एका दादांची आठवण येते, नाव सांगत नाही. किचनमधे शेफ होते, सांगलीकडचे. चौकशीच्या मीटिंगला एकटे गेले. मॅनेजर बोलत होता आणि हे आपल्या सवयीनं मान हलवत येस येस म्हणत होते, म्हणजे ऐकतोय, बोला तुम्ही. मीटिंगच्या नोंदीत लिहिलं गेलं, आरोप मान्य केले. ते कागद मी बघितलेत, पानावर चार ठिकाणी एग्रीड लिहिलेलं. शिस्तभंगाच्या सुनावणीला सहकारी किंवा युनियनचा माणूस सोबत न्यायचा हक्क कायद्यानं दिलेला आहे, तो वापरा, आणि येसच्या ऐवजी आय अंडरस्टँड व्हॉट यू आर सेइंग बट आय डोंट अॅग्री हे वाक्य पाठ करून जा. ट्रायब्युनलला इंटरप्रिटर फुकट मिळतो, फॉर्मवर तशी जागा आहे, मराठी लिहा. इंग्रजी येतं की मला, असं म्हणून तो नाकारू नका, रोजचं बोलणं वेगळं आणि वकील उलटसुलट विचारायला लागला की वेगळं.

व्हिसावर आलेल्यांसाठी दोन शब्द, आज इथे बरेच जण केअरमधले, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणारे, दिसतायत. स्पॉन्सरनं, म्हणजे ज्या मालकाच्या नावावर तुमचा व्हिसा आहे त्यानं, काढलं की तो होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्याला, कळवतो, मग होम ऑफिसचं पत्र येतं आणि सहसा साठ दिवस मिळतात दुसरा स्पॉन्सर शोधायला. ही भीती खरी आहे आणि ती नाही असं मी म्हणणार नाही, त्यासाठी लगेच इमिग्रेशनचा मान्यताप्राप्त सल्लागार गाठा, ते माझं काम नाही. पण पगाराचा हक्क व्हिसाबरोबर संपत नाही. काँट्रॅक्टवर आठवड्याला ३९ तास लिहिलेत आणि दहाच तास काम दिलं तर उरलेल्या तासांबद्दल विचारता येतं. ट्रेनिंगचे, युनिफॉर्मचे, व्हिसाचे म्हणून पगारातून पैसे कापले तर विचारा की मी आधी लेखी संमती कुठे दिली होती, आणि संमती असली तरी त्या कपातीमुळे मिनिमम वेजच्या खाली गेलात का ते पण बघा.

थोडं जुनं सांगते. १९७६ साली लंडनमधे विल्सडेनला ग्रनविक नावाच्या फोटो प्रोसेसिंग कारखान्यात जयाबेन देसाई आणि त्यांच्याबरोबरच्या बायका संपावर गेल्या, बहुतेक आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका, साड्या नेसून थंडीत गेटवर उभ्या. सगळ्या संपकऱ्यांना काढून टाकलं होतं, आणि सगळ्यांनाच काढलं म्हणून ट्रायब्युनलला ती केस ऐकताच येईना, कायदा तेव्हा तसा होता. जवळजवळ दोन वर्षं झगडून १९७८ ला संप संपला, मागणी मान्य झाली नाही. मी त्यांचे फोटो बघते तेव्हा मला वाटतं, त्यांच्यासाठी हे दार बंद होतं आणि आपल्यासाठी उघडं आहे, आणि आपण दिवाळी होऊ दे म्हणतोय.

निकाल लागला म्हणजे पैसे आले असं नसतं, हे पण सांगायला हवं. माझा निकाल एप्रिलमधे लागला, २,८६० पाऊंड आणि अकरा दिवसांच्या सुट्टीचे पैसे. मालकांनी दिले नाहीत. मग हायकोर्टाच्या एन्फोर्समेंट ऑफिसरमार्फत वसुलीची सोय असते, थोडी फी भरावी लागते आणि ती पण मालकाच्या देण्यात धरतात. कंपनी बुडाली असेल तर सरकारच्या रिडंडन्सी पेमेंट्स सर्व्हिसकडून आठ आठवड्यांपर्यंतचा थकलेला पगार ठरावीक मर्यादेत मिळू शकतो. माझ्या बाबतीत ऑफिसर दारात गेला आणि चौथ्या दिवशी पैसे खात्यात आले. सासूबाईंना स्टेटमेंट दाखवलं, त्यांनी चष्मा लावून आकडा वाचला आणि विचारलं, सुट्टीचे पण दिले का?

हो, तुमचा प्रश्न घेते, मागून विचारतायत की आता पुण्याला परत जायचंय, मग केस करता येते का. करता येते, इथे केलेल्या कामाची केस इथेच, तुम्ही देश सोडला म्हणून ती संपत नाही. व्हिडिओवर तिकडून साक्ष द्यायची असेल तर ट्रायब्युनलला खूप आधी कळवा, कारण परदेशातून साक्ष द्यायला परवानगीचा प्रश्न येतो. जायच्या आधी घराच्या इन्शुरन्सची पॉलिसी बघा, त्यात लीगल एक्स्पेन्सेस कव्हर असतं कधीकधी, लोकांना माहीतच नसतं. आणि कधी काढलं तुम्हाला? २२ तारखेला? व्हॉट्सॲपवर? मेसेज त्याच दिवशी वाचलात का? बरं, तो मेसेज डिलीट करू नका, चहा झाला की इकडे टेबलापाशी या, कॅलेंडर आणलंय मी.